हिरोशिमाची वर्गणी

ताईच्या बॅगेत कपडे कमी आणि कागद जास्त होता. साताऱ्याच्या ज्या शाळेत तिने हयातभर गणित शिकवलं, तिथल्या सातवीच्या मुलांनी जून-जुलैच्या ऑफ तासांना बसून हजार कागदी क्रौंच घडवले होते. एका माळेत चाळीस, अशा पंचवीस माळा. मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा तिथल्या पोरसवदा अधिकाऱ्याने विचारलं, "काकू, हे काय, गणपतीची आरास?" ताई म्हणाली, "तसंच समज." त्या क्षणी तो विनोद होता. हिरोशिमात तीन दिवस काढल्यावर मात्र मला त्यात बरंच तथ्य दिसू लागलं.

ओसाकाहून शिनकान्सेनने दीड तासात हिरोशिमा येतं. आम्ही उतरलो ५ ऑगस्ट २०२५ला, म्हणजे बॉम्बला ऐंशी वर्षं पुरी व्हायच्या आदल्या दिवशी. इथली ट्राम आता थेट स्टेशनच्या दुसऱ्या मजल्यावर येते. हा नवा मार्ग दोनच दिवसांपूर्वी सुरू झाला होता, त्यामुळे प्रवाशांपेक्षा फोटो काढणाऱ्यांची गर्दी मोठी होती. ६ ऑगस्ट १९४५ला शहर जळून गेलं आणि ९ ऑगस्टला या ट्रामची एक छोटीशी फेरी पुन्हा सुरू झाली. बॉम्बमध्ये सापडलेले ६५१ आणि ६५२ क्रमांकांचे डबे दुरुस्त होऊन अजूनही रुळांवर आहेत. आम्हाला मिळाला तो एअरकंडिशनचा नवा डबा. ताई हिरमुसली, मी मनातून सुखावलो. ऑगस्टमधलं हिरोशिमा म्हणजे वारा पडलेल्या दिवशीची मुंबई.

अणुबॉम्ब-घुमटाच्या थांब्यावर उतरलं की रस्ता ओलांडताच तो घुमट समोर येतो. चित्रांत इतक्या वेळा पाहिलेला असतो की प्रत्यक्षात लहान वाटतो. यान लेत्सेल नावाच्या चेक वास्तुविशारदाने १९१५मध्ये बांधलेलं हे औद्योगिक प्रदर्शनाचं सभागृह. बॉम्ब इथून जेमतेम १६० मीटरवर, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. दाब जवळजवळ डोक्यावरून आल्यामुळे काही भिंती उभ्या राहिल्या. आतली माणसं सगळी गेली. वर्ष संपेपर्यंत शहरात मेलेल्यांचा अंदाज १ लाख ४० हजारांचा आहे.

हा सांगाडा पुढे जपला गेला तो सरकारी शहाणपणामुळे, असं मी समजून चाललो होतो. तसं नाही. युद्धानंतर वीसेक वर्षं तो पाडावा की ठेवावा यावर गावात वाद होता. ज्यांनी घरचं माणूस गमावलं होतं त्यांतल्या अनेकांना तो रोज डोळ्यांसमोर नको होता, आणि त्यांना चूक म्हणणारे आपण कोण? १९६०मध्ये एक शाळकरी मुलगी रक्ताच्या कर्करोगाने गेली. ती वर्षाची असताना बॉम्ब पडला होता. या घुमटाशिवाय पुढच्या लोकांना काय कळणार, अशा अर्थाचं काही तिने डायरीत लिहून ठेवलं होतं. ते वाचून शाळकरी मुलांच्या एका मंडळाने सह्या गोळा करायला सुरुवात केली. १९६६मध्ये नगरपालिकेने घुमट राखायचा ठराव केला. पण पैसे? मग वर्गणी. लक्ष्य होतं ४ कोटी येन, जमले साडेसहा कोटींच्या वर. महापौर शिंझो हामाई स्वतः तोक्योच्या रस्त्यावर उभे राहून लोकांकडून पैसे घेत होते. १९८९मध्ये पुन्हा डागडुजी निघाली, पुन्हा वर्गणी, आणि तेव्हाही मागितलं त्याच्या कितीतरी पट आलं. जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं ते त्यानंतर, १९९६मध्ये.

वर्गणी म्हटलं की आपल्याला पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहिलेली मंडळाची पोरं आठवतात. इथली शांतता-बाग त्याच रीतीने भरत गेली आहे. बागेचा मूळ आराखडा केन्झो तांगे यांचा. १९४९च्या स्पर्धेत तो पहिला आला. पूर्वी या जागी नाकाजिमा नावाची गजबजलेली पेठ होती. दुकानं, सिनेमागृहं, देवळं, सगळं एका सकाळीत गेलं. आज सावली देणारी बरीचशी झाडंही जपानभरच्या गावांनी पाठवलेली आहेत. हामाईंनी तीही मागितली होती. ताईने लगेच हिशेब मांडला, "म्हणजे पैसे नसतील तर झाड द्या. आपल्या शिपायाने मंडपाला बांबू दिले होते तसं."

मुलांचं स्मारक बागेच्या उत्तरेकडच्या भागात आहे. नऊ मीटर उंच, घंटेच्या आकाराचं, आणि माथ्यावर दोन्ही हातांनी क्रौंच उंचावून धरलेली मुलगी. सादाको सासाकीची गोष्ट आपल्याकडेही शाळांतून सांगतात. बॉम्बच्या वेळी दोन वर्षांची, वर्गाच्या रिले संघातली धावपटू, १९५५च्या फेब्रुवारीत रक्ताच्या कर्करोगाने रुग्णालयात दाखल, आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला मृत्यू. हजार क्रौंच घडवले तर मनातलं पुरं होतं, या समजुतीवर ती औषधांच्या पुड्यांच्या कागदाचेसुद्धा क्रौंच करत राहिली. आपल्याकडे सांगतात त्या गोष्टीत हजार पुरे व्हायच्या आत ती जाते. तिच्या घरच्यांच्या सांगण्यानुसार हजार केव्हाच पुरे झाले होते, आणि ती पुढेही करत होती. मला ही दुसरी गोष्ट जास्त लागते. ताईने ती आजवर मुलांना पहिल्यासारखीच सांगितली होती. ती थोडा वेळ गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "दुरुस्ती करावी लागणार."

स्मारक कसं झालं ते ऐकण्यासारखं आहे. सादाको गेली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांची देशव्यापी परिषद हिरोशिमात भरली होती. सादाकोच्या वर्गमित्रांनी पत्रकं छापली आणि परिषदेच्या दाराशी उभं राहून वाटली. बारा-तेरा वर्षांची पोरं! तीन हजारांहून जास्त शाळांतून पैसे आले, परदेशांतूनही आले. ५ मे १९५८ला, जपानमधल्या बालदिनी, स्मारक उघडलं. शिल्पकार काझुओ किकुची. आतली मूळ घंटा हिदेकी युकावा यांनी दिली होती. युकावा अणूच्या गर्भातल्या बलांवर काम करणारे, १९४९चे नोबेलविजेते. अणूशी आयुष्य घालवलेल्या माणसाने तिथे घंटा टांगावी, यावर मी काही बोलत नाही.

भोवती काचेच्या कपाटांत माळाच माळा लटकलेल्या असतात. २००३च्या ऑगस्टमध्ये एका कॉलेजातल्या पोराने त्यांना आग लावली. सुमारे १ लाख ४० हजार क्रौंच जळाले. मग त्याच्याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी तितके घडवून आणून दिले. इथे आपण आपली माळ स्वतः अडकवायची आणि हवं तर नोंदवहीत शाळेचं नाव लिहायचं. ताईने साताऱ्याचं नाव देवनागरीत लिहिलं. खाली इंग्रजीत लिहा, असं मी म्हटलं तर म्हणाली, "आधी आमचं, मग त्यांच्यासाठी."

आमच्या माळा मात्र प्रवासात एकमेकींत गुंतून त्यांचा गठ्ठा झाला होता. नायलॉनचा दोरा. आम्ही दोघं एका बाकावर बसून तासभर गुंता सोडवत होतो. शेजारी बागेत माहिती सांगणारे एक स्वयंसेवक आजोबा उभे होते. ऐंशीच्या आसपासचे, पिवळी टोपी, गळ्यात टॉवेल. थोडं पाहून तेही खाली बसले आणि गाठी सोडू लागले. तोडक्यामोडक्या इंग्रजीत गप्पा झाल्या. ताईने तिच्या स्वभावाला धरून पहिला प्रश्न विचारला: "याचं पुढे काय करता?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. दर वर्षी सुमारे एक कोटी क्रौंच इथे येतात, वजन दहा टनांच्या घरात. पूर्वी ते काही दिवसांनी जाळून टाकत. मग काही वर्षं सगळे साठवून ठेवायचं धोरण आलं आणि गोदामं भरली. २०१२पासून त्यांचा लगदा करून पुन्हा कागद होतो. त्याच्या वह्या, भेटकार्डं, अगदी प्रमाणपत्रंसुद्धा निघतात. पण लगदा करण्याआधी दोरे, मणी, प्लॅस्टिक काढावं लागतं. ते काम अपंगांच्या कार्यशाळांतून हातांनी होतं. आजोबांनी आमचा नायलॉनचा दोरा बोटाभोवती गुंडाळून ताईला दाखवला आणि नुसते हसले. बोलले काहीच नाहीत. ताईचे कान लाल झाले.

६ ऑगस्टला पहाटे पाचपासून लोक स्मृतिसमारंभासाठी बागेकडे चालत होते. बॅगा तपासून आत सोडतात. खुर्च्या मोजक्या, आणि त्यांवर आधी घरची माणसं गमावलेले. आम्ही झाडाखाली उभे राहिलो. मध्यभागी स्मृतिकमान आहे, तांगेंनीच केलेली. प्राचीन जपानी मातीच्या घराच्या छपरासारखी, की खालच्यांना ऊनपाऊस लागू नये. खाली दगडी पेटी, पेटीत वह्या, वह्यांत नावं. वर्षभरात गेलेल्या किंवा नव्याने कळलेल्या बॉम्बग्रस्तांची नावं दर ६ ऑगस्टला त्यात ठेवतात. त्या वर्षी ४,९४० नावं वाढली आणि एकूण ३,४९,२४६ झाली. एक वही अनामिकांसाठी आहे, ज्यांची नावं सांगायलाच कुणी उरलं नाही त्यांची.

या वह्यांविषयी आजोबांनी सांगितलेली गोष्ट मला सगळ्या समारंभापेक्षा जास्त आवडली. दर वर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, नगरपालिकेचे लोक पांढरे हातमोजे घालून या वह्या बाहेर काढतात, कमानीपुढे पांढऱ्या कापडावर मांडतात आणि पान न् पान उलटून त्यांना वारा देतात. कागदाला बुरशी धरू नये म्हणून. माझी आजी अक्षय्यतृतीयेनंतर पोथ्यांना ऊन दाखवायची. भाषणं नाहीत, मंत्री नाहीत, नुसती पानं उलटायची. पुढच्या खेपेला मी मेमध्ये जाणार आहे.

आठ वाजता कार्यक्रम सुरू झाला. सुरुवात पाण्याने. त्या दिवशी होरपळलेली माणसं पाणी मागत मेली. भाजलेल्याला पाणी दिलं तर तो दगावतो, असं तेव्हा सांगितलं जाई, म्हणून कितीतरी जणांनी आपल्याच माणसाला पाणी नाकारलं आणि ते मनाला लावून पुढे जगले. म्हणून शहरातल्या ठिकठिकाणचं पाणी आणून ते कमानीपुढे ठेवतात. मरणाऱ्याच्या तोंडात दोन थेंब घालायची रीत ज्या घरांत आहे, तिथे हे समजावून सांगावं लागत नाही.

सव्वाआठला घंटा. सगळे उभे. एक मिनिट. शांतता म्हणावी तर झाडांवर सेमी नावाचे किडे कर्कश ओरडत होते. पंचावन्न हजार माणसं गप्प असल्यामुळे त्यांचा आवाज अंगावर येत होता. मग महापौरांचं शांतता-घोषणापत्र. १९४७मध्ये हामाईंनी पहिलं वाचलं, तेव्हापासूनचा हा प्रघात. १९५०मध्ये मात्र कोरियाचं युद्ध सुरू होतं आणि जपानवर परकीय अंमल होता, तेव्हा हा समारंभ होऊच दिला नव्हता. शांततेच्या सभेची भीती वाटणारेही असतात. नंतर सहावीतली दोन मुलं बोलली, कागद हातात न धरता. ताईने चष्मा पुसला. पंतप्रधानांचं भाषण झालं. त्यात नवं काही नव्हतं.

कमानीवरचं एक वाक्य दीर्घ वादाचा विषय झालं. शांत झोपा, ही चूक पुन्हा करणार नाही, असा त्याचा आशय. कोण करणार नाही? जपानी वाक्यात कर्ताच नाही. जपानी नेत्यांवरच्या तोक्यो युद्धखटल्यात वेगळा निकाल देणारे आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल १९५२मध्ये इथे आले, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न केला: बॉम्ब टाकणारे जपानी नव्हते, मग चूक कोणाची आणि शपथ कोण घेतंय? शहराचं उत्तर असं, की इथला कर्ता म्हणजे सगळी माणसं. इंग्रजी भाषांतरात 'आम्ही' घालावंच लागतं. मराठीत मात्र 'पुन्हा करणार नाही' एवढंच म्हटलं तरी चालतं. मी, आम्ही, तो, कुणीही त्यात बसतं. पालांचा प्रश्न मला अजून रास्त वाटतो. वाक्य तसंच राहू दिलं, तेही बरंच केलं.

समारंभानंतर गर्दी घुमटाकडे वळली आणि आम्ही मात्र बागेच्या दुसऱ्या कडेला गेलो. तिथे गवताचा एक बुटका ढिगारा आहे. फार कुणी थांबत नाही. ढिगाऱ्याखालच्या दालनात सुमारे सत्तर हजार, बहुतेक अनोळखी माणसांच्या अस्थी आहेत. त्या दिवसांत इथेच प्रेतं जाळली होती. त्यांतल्या आठशेहून अधिक जणांची नावं ठाऊक आहेत, पण न्यायला कुणी येत नाही. शहर दर वर्षी ती नावं छापून देशभर लावतं. बॉम्बमधून वाचलेल्या एका बाईंनी कित्येक वर्षं इथे रोज येऊन झाडलोट केली आणि नावं घेऊन घरच्यांचा शोध केला. त्या आता नाहीत. आम्ही गेलो तेव्हा झाडू एका झाडाला टेकवून ठेवलेला होता.

वर्गणीतून सगळ्यांना सारखीच जागा मिळाली, असं मात्र समजू नका. हिरोशिमात मजुरीला आणलेले हजारो कोरियन त्या दिवशी मेले. त्यांचं स्मारक १९७०मध्ये त्यांच्या माणसांनी उभारलं, दगडी कासवाच्या पाठीवर. पण ते बागेच्या हद्दीबाहेर, नदीपलीकडे होतं. आत यायला १९९९ साल उजाडलं. एकोणतीस वर्षं! आजोबांनी हे आपणहून सांगितलं आणि सांगताना टोपी काढली.

आपल्या मातीचीही इथे नोंद आहे. मोतोयासु नदीकाठी गांधीजींचा अर्धपुतळा आहे. २० मे २०२३ला पंतप्रधान मोदींनी अनावरण केलेला, भारताने दिलेला, ४२ इंच उंचीचा. घडवणारे राम सुतार, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. ताईने पुतळ्यापेक्षा ही माहिती मुलांसाठी आधी टिपून घेतली. दुसरा धागा डोंगरावर आहे. स्टेशनमागच्या फुताबा डोंगरावर चंदेरी शांतिस्तूप चमकतो, १९६६चा, निप्पोनझान म्योहोजी संघाचा. संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३३मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना गुरुजी म्हणत. बॉम्बनंतर फुजींनी जगभर शांतिस्तूप उभारायचं व्रत घेतलं. पहिला कुमामोतोत, १९५४मध्ये. वर्ध्याला गीताई मंदिराशेजारी आहे तोही याच संघाचा, आणि सेवाग्रामच्या प्रार्थनेत त्यांचा जपानी मंत्र आजही म्हणतात. लाल कमानींच्या शेकडो पायऱ्या चढून आम्ही वर गेलो. माणूस नव्हतं. खाली सगळं शहर, सहा नद्या, आणि मध्ये तो घुमट शोधावा लागावा इतका लहान.

बागेतल्या शांतता-संग्रहालयाचं तिकीट २०० येन. आतल्या वस्तूंविषयी लिहायला मी धजत नाही. एक तिचाकी सायकल आहे, तीन वर्षांच्या मुलाची. बापाने ती मुलाबरोबर अंगणात पुरली होती आणि चाळीस वर्षांनी बाहेर काढली. एवढंच पुरे. एक गोष्ट भारतीयाने मात्र थांबून पाहावी. जगात कुठेही अणुचाचणी झाली की हिरोशिमाचा महापौर त्या देशाला निषेधाचं पत्र पाठवतो. १९६८पासून ही रीत आहे आणि पत्रांची संख्या सहाशेच्या वर गेली आहे. १९९८च्या मे महिन्यात पोखरणनंतर दिल्लीलाही गेलं, पाकिस्तानातल्या चगाईच्या चाचण्यांनंतर इस्लामाबादलाही. त्या वेळी आम्ही साताऱ्यात पेढे वाटले होते. ताईला आठवलं, मला आठवलं, दोघांनीही विषय काढला नाही.

संध्याकाळी नदीवर दिवे सोडतात. चार बाजूंनी रंगीत कागद, लाकडी फुली, मध्ये मेणबत्ती. कागदावर आपण काय हवं ते लिहायचं. आळंदीला इंद्रायणीत द्रोण सोडणाऱ्या हातांना शिकवायला नको. ताईने सातवीच्या वर्गाची सगळी नावं लिहिली, जागा संपली तेव्हा उरलेली बाजूला. हजारो दिवे घुमटासमोरून हळूहळू सरकत होते. लोक फोटो काढत होते, पोरं आइस्क्रीम खात होती, एक म्हातारी काठावर उकिडवी बसून पाण्याशी बोलत होती. बऱ्याच उशिराने आम्ही खालच्या अंगाला चालत गेलो. तिथे होड्यांतली माणसं विझलेले दिवे एकेक करून गोळा करत होती, पाण्यात काही राहू नये म्हणून.

परत आल्यावर ताईने शाळेत दोन तास घेतले. पहिल्यात सादाकोची गोष्ट दुरुस्त केली. दुसऱ्यात पुढच्या माळांसाठी दोरा निवडला. तुम्हाला, तुमच्या शाळेला क्रौंच पाठवायचे असतील तर हिरोशिमा नगरपालिका टपालानेही घेते, स्वतः जायची गरज नाही. फक्त मणी आणि टिकल्या लावू नका, आणि ओवायला साधा सुती दोरा घ्या. तो कुणाला तरी हाताने काढावा लागतो.